मायाळूची काडी

सिडको, नाशिक
११ सप्टेंबर १९८३

प्रिय सहादू,

जयभीम. हे पत्र तुला पोस्टानं न येता जेवणाच्या सुट्टीत हातात मिळेल. आमच्या शेजारच्या मालनबाईंचे मिस्टर भिका अंबडला तुझ्याच कारखान्यात आहेत, त्यांच्या पिशवीत मी ते घातलं आहे. सोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. तू अजून माझा विद्यार्थी आहेस असं समजून सांगते आहे.

आधी वनस्पतिशास्त्र, मग बाकीचं. गेल्या सुट्टीला तू आमच्या अंगणात मान खाली घालून उभा राहिलास आणि म्हणालास, “बाई, मायाळूची काडी याही वेळेला लागली नाही.” मी ऐकून घेतलं. सहादू, मायाळू मरत नाही. पालक मरतो, मेथी मरते, कोथिंबीर तर नुसतं रागावून बघितलं तरी मरते. मायाळूचं तसं नाही. पावसाळ्यात त्याचा तुकडा वाटेवर पडला तरी तिथं मूळ धरतो. मालनबाईंनी आमच्याकडून भाजीला नेलेल्या जुडीचे जून देठ मोरीमागे टाकले होते, आता त्यांना मोरी शोधावी लागते. आणि तुझ्याकडे मात्र तो फाल्गुनापासून मरतोच आहे. पहिली काडी उन्हानं गेली, ते मी मान्य केलं. दुसरी घरमालकिणीच्या कोंबड्यांनी उकरली. मग मुंग्या लागल्या. मग मी स्वतः पिकलेली जांभळी फळं पुडीत बांधून दिली, तर ती बुलबुलानं खाल्ली म्हणालास. पुडी सोडून बी खाणारा बुलबुल मी अजून पाहिलेला नाही.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या वर्गात दोनच मुली होत्या आणि बाग या विषयावर आम्हाला कोणी फसवू शकत नव्हतं. तू आठवीत असताना मी एक धडा शिकवला होता, तो तुला आठवत असणार. टेबलावर गुलाबाच्या आणि उसाच्या कांड्या मांडल्या होत्या. कुठली कांडी रुजेल, असं मी विचारलं. सगळा वर्ग जाडजूड कांड्यांकडे बोट दाखवत होता. तू उठलास आणि एक बारकी, वाकडी कांडी उचलून म्हणालास, “बाई, हिला पेर आहे. पेराला डोळा असतो. डोळा नसला तर कांडी नुसती कुजते.” मी तुला शाबासकी दिली नव्हती, कारण तू हात वर न करता बोलला होतास. पण लक्षात ठेवलं होतं. म्हणून तुझी ती रडगाणी ऐकताना मला राग येत होता. मी शिकवलेलं विसरलास की मला वेडी समजतोस, एवढंच कळत नव्हतं.

आता थोडं मागचं. तुला यातलं अर्धंच माहीत आहे. या घरामागची चार हात जमीन माझी. निवृत्त झाल्यावर मी तिथं पालकाचे वाफे काढले, दोरी लावून, अगदी सरळ. न्हाणीचं पाणी पन्हळीनं वळवून घेतलं. पालक दिवाळीपासून छान यायचा आणि उन्हं तापली की तुरे काढून कडू व्हायचा. दरवर्षी तेच. मी दरवर्षी चिडायची आणि पुन्हा पालकच लावायची. बुधा मला हसायचा. म्हणायचा, “आई, तुझा पालकसुद्धा मार्चमध्ये परीक्षा देऊन मोकळा होतो.” माझा बुधा चार वर्षांपूर्वी कावीळ होऊन आठवड्यात गेला. चांगुणा त्याच्या घरात दीड वर्ष नांदली होती. तिचे वडील येऊन तिला पिंपळगावला घेऊन गेले आणि मीही अडवलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलीनं माझ्यासारख्या कडक बाईपाशी का राहावं?

गेल्या वर्षी मृगाच्या आधी एका दुपारी दार वाजलं. चांगुणा उभी होती, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मायाळूची काडी. आत आली, पेटी ठेवली, पाणीसुद्धा न पिता थेट मागच्या दारी गेली. माझ्या तुरे आलेल्या पालकाकडे बघितलं आणि म्हणाली, “आत्याबाई, याला ऊन झेपत नाही. उगा पोराला बाराही महिने शाळेत बसवल्यासारखं करताय.” आणि माझ्या सरळ वाफ्याच्या टोकाला, न्हाणीच्या पन्हळीपाशी, तिनं ती काडी खोचली. ती राहायला आली आहे असं ती म्हणाली नाही. किती दिवस, असं मी विचारलं नाही. श्रावण लागला तोवर तो वेल कुंपणाच्या बरोबरीनं आला होता. लाल देठ, जाड चकचकीत पानं, आणि शिस्त म्हणून नाही. माझ्या दोरीवरनं तो सरळ पलीकडे गेला. मी त्याला तीन-चारदा बांधून ठेवला, मग नाद सोडला.

मायाळूनं आम्हाला खायला घातलं, सहादू. कधी हरभऱ्याची डाळ घालून, कधी ताकातला, कधी भजी. पण घरात आवाज नव्हता. चांगुणा शिलाईचं काम आणायची, मशीन चालवायची, स्वयंपाक करायची, विचारलं तेवढं बोलायची. मी तिला कॉलेजात घालायचं म्हटलं, ती नको म्हणाली. विहारातल्या महिला मंडळात नेलं, तिथं कोपऱ्यात बसून आली. आपण गेल्यावर या मुलीचं काय, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत असायचा. मी उपाय काढणारी बाई. या प्रश्नाला मला उपाय सापडत नव्हता.

मग तू आलास. अंबडला नोकरी लागली आणि पलीकडच्या गल्लीत खोली मिळाली, हे सांगायला. केस मागे जाऊ लागलेला माणूस दारात उभा राहून “जयभीम बाई, मी आठवी ब मधला” म्हणाला, तेव्हा मला हसू आवरावं लागलं. दोन बहिणींची लग्नं करता करता आपलं राहून गेलं, हे तू त्या दिवशी इतक्या सहज सांगितलंस की मी पुढं काही विचारलं नाही. चांगुणानं मायाळूची भजी केली होती. तू किती खाल्लीस ते मी मोजलं नाही. पण चांगुणाला पीठ पुन्हा कालवावं लागलं. मग तू मागच्या दारी हात धुवायला गेलास, वेल बघितलास आणि एक काडी मागितलीस. चांगुणानं विळीवर कापून दिली. एवढंच झालं होतं.

पुढच्या खेपेला तू तारेचं वेटोळं घेऊन आलास. वेल जमिनीवर लोळतोय, त्याला मांडव पाहिजे, असं म्हणालास. ती तार पिंपळगावच्या द्राक्षबागेतली जुनी तार होती. तू त्यासाठी एसटीनं जाऊन आलास आणि कंडक्टरनं वेटोळं टपावर टाकायला लावलं, हे तू सांगितलंस. पिंपळगावच का, नाशकात तार मिळत नाही का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. तू शिडीवर, चांगुणा खाली तार धरून. तुझ्या हातातून पक्कड सुटली आणि माझ्या वाफ्यातल्या चिखलात पडली. ती म्हणाली, “कारखान्यात बी असंच टाकता का हो हत्यारं? मग मशिनी कशा चालतात तुमच्या?” तू म्हणालास, “तिथं खाली कोणी बघणारं नसतं.” आणि सहादू, चांगुणा हसली. पदर तोंडाला न लावता. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. माझा हात थांबला.

त्यानंतर तुझ्या सुट्टीच्या वारी काय काय व्हायचं, ते तुला कुंपणापलीकडून दिसणार नाही. सकाळी मशीन लवकर बंद. अंगण दोनदा झाडलेलं. तिखट कमी, कारण तुला ठसका लागतो. सायकलची घंटा कोपऱ्यावर वाजली की चांगुणा आत जायची आणि मग काहीतरी विसरल्यासारखी बाहेर यायची. मालनबाई भिंतीवरून बघत असतातच. एकदा म्हणाल्या, “बाई, तुमच्या मायाळूला लईच पाहुणे येऊ लागले हो. आमच्या दुधीला कोणी विचारीत नाही.” मी म्हटलं, “तुमच्या दुधीला तुमचं तोंड ऐकावं लागतं, म्हणून कोणी येत नाही.” त्यांना राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवशी दुधी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, बाई. उशीर नका करू.”

पण माझ्या मनात गाठ होती. तू दर वेळी काडी मेली म्हणतोस. म्हणजे खोटं बोलतोस. येण्याचं निमित्त करतोस, हे मला समजत होतं. पण खोटं बोलून उंबरा ओलांडणारा माणूस पुढं कसा निघेल? एकदा या घराची फसवणूक झाली तर चांगुणा पुन्हा कधी हसणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात तू पहिल्या पाळीला असताना मी तुझ्या खोलीवर गेले. हो, न विचारता गेले. शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांची दप्तरं तपासली आहेत, सवय जात नाही. मायाळूनं सगळं अंगण झाकलं असेल, असं मला वाटलं होतं.

तुझ्या घरमालकीण लताबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. भिंतीशी डालड्याचे डबे ओळीनं मांडलेले. माती भुसभुशीत, ओली, एकही तण नाही. आणि प्रत्येक डब्यात एक वाळलेली काडी. लताबाई मला म्हणाल्या, “रोज सकाळी पाणी घालतात हो बाई. वाळक्या काड्यांना! वर बोलतात पण. मी यांना म्हटलं, भाडेकरू चांगला आहे पण डोक्याचं काहीतरी बघा.” त्यांच्या कोंबड्या मला कुठं दिसल्या नाहीत. त्यांनी कधी पाळल्याच नाहीत म्हणे.

मी खाली बसून एक काडी उपटली. दुसरी उपटली. सगळ्या उपटल्या. सहादू, एकाही काडीला पेर नव्हतं, गाठ नाही की डोळा नाही. बोट-बोट लांबीचे गुळगुळीत तुकडे. वरच्या पेराच्या जरा खाली कापलेले, खालच्या पेराच्या जरा वर कापलेले. इतकं नेमकं कापायला उजेडात डोळ्यांशी धरून कापावं लागतं. चुकून एखादी तरी पेराची जाईल की नाही? एकही नाही. आणि ही काडी कापणारी कोण, तर लहानपणापासून पिंपळगावच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणारी मुलगी, जिची कात्री डोळे मोजूनच चालते. तिला पेर कळत नाही? आणि ती काडी घेणारा कोण, तर आठवी ब मध्ये हात वर न करता उत्तर देणारा सहादू. त्याला कळत नाही? न रुजणारी काडी ती तुला देत होती, ती रुजणार नाही हे कळून तू ती घेत होतास, आणि घरी नेऊन तिला रोज पाणी घालत होतास. आणि मी, या विषयाची शिक्षिका, दोघांच्या मध्ये बसून डाळ निवडत होते.

मी त्या अंगणात मोठ्यानं हसले. लताबाईंना बहुतेक वाटलं की हे डोक्याचं दुखणं शाळेपासूनचंच आहे. तुझ्या काड्या मी पुन्हा होत्या तशा खोचून ठेवल्या. एखादी उलटी लागली असेल तर माफ कर, फरक पडणार नाही.

घरी आले. चांगुणा परातीत मायाळूची पानं खुडत होती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, “सहादूच्या काडीला पेर का नसतं गं?” तिनं दोन-तीन पानं खुडली. कान लाल झाले होते. मग मान वर न करता म्हणाली, “असतं तर ते परत कशाला आले असते, आत्याबाई?” मी पानं खुडायला लागले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “पण मी कुठं जायची नाही. तुम्ही एकट्या पडाल.” तेव्हा मात्र मी तिला रागावले. म्हटलं, मी एकटीनं मुलगा वाढवला, शाळा सांभाळली, मला भाजी खुडता येते. माझी काळजी वाटत असेल तर पलीकडची गल्ली काही परमुलुख नाही. आणि माझ्यासाठी म्हणून मन मारून राहिलीस तर ते मी चालवून घेणार नाही. ती रडली, मग हसली. मग दोघींनी मिळून भाजी करपवली.

तुझी आई काय म्हणेल, ही तिची पुढची भीती. तुझीही तीच असणार, नाहीतर एवढा शिकलेला माणूस महिनोन् महिने डालड्याच्या डब्यांना पाणी घालत बसला नसता. म्हणून मी परवा सकाळच्या एसटीनं घोटीला गेले. स्टँडवर तुझ्या आईचं नाव सांगितलं, भात गिरणीतल्या माणसानं घर दाखवलं. तुला कळवलं नाही, कारण तू “बाई, नको” म्हणाला असतास. भागीबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग तुमीच का त्या भाजीवाल्या बाई! पोरगं घरी आलं की नुसतं मायाळू मायाळू करतं. मी म्हनलं, आपल्या दारात काय कमी भाजी हाय? मास्तरीन बाई भाजीत घालती तरी काय?” मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चांगुणा माझी सून होती, बुधा गेला, त्याला चार वर्षं झाली. सगळं.

त्या तांदूळ पाखडत राहिल्या. शेजारची एक बाई आत डोकावली, तिला त्यांनी हातानंच जा म्हटलं. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, “लोकाचं लोकाला. माझ्या पोरानं भनींसाठी जवानी घातली, त्याला मी कशाला आडवी जाऊ? पन बाई, तुमी सासू. सासूनं सांगितलं म्हनून पोर हो म्हनली, असं नको. तिच्या मनात हाय का, ते तिचं तिला सांगू द्या. तिनं सांगितलं की मी येते.” मला त्या फार आवडल्या. निघताना त्यांनी घोटीचे तांदूळ बांधून दिले आणि मी नेलेली मायाळूची जुडी हुंगून म्हणाल्या, “देठ ठेवते. लावीन मागं.”

म्हणून हे पत्र. आज दुपारी मी लिहायला बसले आणि चांगुणाला म्हटलं, “सहादूला पत्र धाडते आहे. भागीबाईंना तुझं उत्तर पाहिजे, माझं नको. सोबत एक काडी द्यायची असेल तर दे. तुझ्या मनात असेल तशी काप.” ती उठली. मागच्या दारी गेली. मला विळी सरकवल्याचा आवाज आला, मग न्हाणीत फडकं ओलं केल्याचा आवाज. तिनं ते गुंडाळलेलं माझ्यापुढं ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन मात्र चालू झालं नाही. मी फडकं सोडून बघितलं. दप्तर तपासायची सवय, काय करणार. आता तूही सोड. चांगली वीतभर काडी आहे. पेरं ठसठशीत आहेत, डोळे फुगलेले, आणि खालचा काप पेराच्या अगदी खाली, तिरका, द्राक्षाच्या काडीला देतात तसा. ही रुजेल. येत्या सुट्टीला भागीबाईंना घेऊन ये आणि पुढच्या दारानं ये. येताना काही आणू नकोस. कारण सांगू नकोस. आणि ही काडी डालड्याच्या डब्यात लावू नकोस, सहादू. हिला जमीन लागेल.

तुझीच,
सुलाबाई